बाण नंबर तेवीस

नाही, पण मला एक सांगा, दगडावर बाण काढणं हा काय गुन्हा आहे का? दगड रानातला, रंग माझ्या पगारातला, ब्रश अनगोळच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला, आणि हेतू... हेतू तर इतका चांगला की कधी कधी माझं मलाच भरून येतं. आणि तरीसुद्धा, तुम्हाला सांगतो, गेले दोन महिने फणसाचं नाव काढलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. परवा आईनं फणसपोळी आणली, 'साईराज, घे की रं, तुला आवडते न्हवं?' म्हणाली, आणि मी ताटावरनं उठून आत गेलो. आईला वाटतंय पोराचं कुठंतरी जमलंय. कुठलं जमलंय? मी फक्त बाण काढले होते.

थांबा, सुरुवातीपासनं सांगतो.

मी बेळगावला उद्यमबागेत कामाला आहे. इंजिनिअर म्हणतात मला, म्हणजे लोखंडाला भोकं कुठं पाडायची ते कागदावर काढून देतो. पण तो पोटाचा उद्योग झाला. जिवाचा उद्योग वेगळा... नदी. मलप्रभा. माझं म्हणणं एकदम सरळ होतं, आणि अजूनही आहे, ते काही मी मागं घेतलेलं नाही, की माणूस नदीच्या कडेनं पायी चालला तर नदी त्याची होते. पुलावरनं जाताना गाडीची काच खाली करून फोटो काढणाऱ्याची ती होत नाही. आणि ज्याची नदी होते तो तिच्यात कचरा टाकत नाही, तिच्यातली वाळू उपसली तर गप्प बसत नाही. बरोबर आहे की नाही? तर खानापूरच्या रानात नदीला धरून चौदा किलोमीटरची एक पायवाट आहे. बांधावरनं, बांबूच्या बेटातनं, दोन ठिकाणी गुडघाभर पाण्यातनं. म्हशींना ती पाठ आहे. आपल्याला नाही. आपण शिकलेले. मग मी ठरवलं, या वाटेवर खुणा करायच्या, एक छोटं माहितीपत्रक छापायचं आणि बेळगावच्या माणसांना सोफ्यावरनं उठवून तिथं चालायला लावायचं. बस्स. एवढंच. क्रांतीच म्हणा ना.

आता बाण काढायचे तर रंग कुठला घ्यायचा? हसू नका. हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणार नाही, पण आपल्याकडं रंगाचा डबा विकत घेणं म्हणजे जाहीरनामा काढण्यासारखं आहे. भगवा लावावा तर एका बाजूचे लोक विचारायला येणार, लाल-पिवळा लावावा तर दुसऱ्या बाजूचे येणार, आणि त्यांच्या आधी माझे वडील येणार. हिरवा, निळा... जाऊ दे. बरं, रंगाचं मिटलं तर अक्षरं कुठली? मला लिहायचं होतं 'इथे पाणी', 'इथे विसावा', असं प्रेमानं. पण मराठीत लिहावं तर त्याला कुणीतरी डांबर फासणार, कानडीत लिहावं तर दुसराच कुणीतरी फासणार, आणि दोन्हीत लिहावं तर वरती कुठली आणि खाली कुठली यावर बैठक बसणार. मला कुठं वेळ होता बैठकीला? म्हणून मी अक्षरंच टाळली. पांढरा रंग, साधा बाण, आणि खाली इंग्रजी आकडा. एकपासनं एकतीसपर्यंत. कुणी बोट दाखवायचं काम नाही. इतका निष्पक्ष मी उभ्या आयुष्यात कधी नव्हतो, तुम्हाला सांगतो, स्वतःच्या बहिणीच्या भांडणातसुद्धा नव्हतो.

माझ्याबरोबर सन्मती होती. सन्मती म्हणजे निपाणीची, माझ्याच ऑफिसात आहे, पत्रकाचा नकाशा तिनं काढलाय. ती एकदाच म्हणाली, 'साईराज, वाटेत जांभळहोळ गाव लागतं. गावात कुणाला सांगितलंस का?' मी म्हणालो, 'सांगत बसलो तर पावसाळा येईल. काम दिसलं की लोकांना आपोआप कळतं.' ती म्हणाली, 'काय कळतं?' मी म्हणालो, 'हेच, की काम चांगलं आहे.' ती गप्प बसली. सन्मती गप्प बसली की समजावं, आपलं चुकतंय. पण मी समजलो नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन सकाळी सुट्टी काढली आणि एकतीस बाण उरकून टाकले. फक्त बाण काढले होते हो मी.

मग मे संपता संपता पहिली तुकडी नेली. अठरा माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात काठ्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक. सगळ्यात पुढं नागेंद्र सर, बँकेतनं रिटायर झालेले, दोन्ही हातांत दोन काठ्या, आणि खिशात एक फोन. तो फोन दर किलोमीटरला बाईच्या आवाजात इंग्रजीत ओरडायचा, 'डिस्टन्स, नऊ किलोमीटर!' मी म्हटलं सर, तो बंद करा, पाखरं उडतात. ते म्हणाले, 'अरे, मोजल्याशिवाय चालण्यात अर्थ काय?' असो.

अठरा नंबरच्या बाणापर्यंत सगळं झकास. जांभळहोळचं शिवार लागलं. एकोणीस नंबर... गायब. म्हणजे अख्खा दगडच गायब. मला वाटलं कुणी चुलीला नेला असेल. पुढं गेलो तर वीस नंबर दिसला. पण तो मी काढलेला वीस नव्हता. माझा शून्य कसा, गोल असतो. हा शून्य वड्यासारखा, एका बाजूनं फुगलेला, आणि चुन्यानं काढलेला. बाण नदीकडं जायच्या ऐवजी डावीकडं वळलेला. नागेंद्र सर शिस्तीचे. बाण डावीकडं म्हणजे डावीकडं. आम्ही वळलो. पुढं आणखी एक वीस नंबर. त्याच्या पुढं आणखी एक. आणि तिसऱ्या वीस नंबरला आमची अठरा माणसं, काठ्या टेकत, एकापाठोपाठ एक, थेट एका गोठ्यात शिरली.

गोठ्यात एक म्हैस आणि एक माणूस. माणसाचं नाव रवळू. तो आमच्याकडं बघून असा हरखला, जशी घरात वरातच आली. 'या सायब, या. आत या, बिंदास. ह्यो बगा गोठा. पडकाच हाय. ह्येच्यावरनं गेला तरी आमची काय हरकत न्हाय.'

मी म्हटलं, 'काय गेला?'

'रस्ता की वं.' आणि मग आवाज बारीक करून, 'शेजाऱ्यानं दगड हलीवलाय, म्हाईत हाय मला. वीस नंबर त्येच्या बांधावर व्हता. रातोरात माझ्या बांधावर आला. मी म्हनलं, येऊ दे, पर मग नीट येऊ दे, गोठ्यापतोर, म्हनून चुन्यानं मीच काडलं बाण. शेत वाचलं पायजे, आन पडक्या गोठ्याचं सरकारकडनं पैसं मिळालं पायजेत.'

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची जमीन... नाही, जमीन होती तिथंच होती, तोच तर सगळा प्रश्न होता.

कारण बघा ना. पांढरा रंग, इंग्रजी आकडा, खाली काही लिहिलेलं नाही, कोण आलं-गेलं कुणाला सांगितलेलं नाही. बेळगावच्या भोवती असा आकडा फक्त एकच माणूस काढतो. सर्वेवाला. मी सगळ्यांपासनं लांब राहायला गेलो, ना या भाषेचा, ना त्या भाषेचा, ना या रंगाचा, ना त्या रंगाचा... आणि जो कुणाचाच नसतो तो कोण असतो? सरकार. मी न ठरवता, पगार न घेता, दोन सकाळींत सरकार झालो होतो.

आणि गाव गेले दोन महिने त्या रस्त्यासाठी तयारी करत होतं. ज्यांना रस्ता नको त्यांनी दगड ढकलले शेजाऱ्याच्या बांधावर. शेजाऱ्यानं ढकलले पलीकडं. एकोणीस नंबरचा दगड असा सात शेतं ओलांडून रवळनाथाच्या देवळाच्या अंगणात पोचला होता, आणि तिथनं त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळं आता देवाच्याच अंगणातनं रस्ता जाणार म्हणून अर्धं गाव हवालदिल. त्यात आमची ही अठरा टोपीवाली माणसं. त्यात फोनमधली ती बाई, 'डिस्टन्स, दहा किलोमीटर!' झालं. पोरं ओरडत सुटली, मोजणी आली, मोजणी आली. माणसं जमिनीचे उतारे घेऊन धावली. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी ताक आणलं. आणि माझी तुकडी... माझ्या तुकडीला वाटलं हे ग्रामीण आदरातिथ्य आहे. एक ताई मला म्हणाल्या, 'साईराज, किती निर्मळ माणसं असतात ना खेड्यातली.' मी म्हटलं, 'चला, पुढं चला.' दुसरं काय म्हणणार? मी फक्त बाण काढले होते.

पुढं तेवीस नंबर. पत्रकात मीच लिहिलं होतं, 'क्रमांक तेवीस. शंभर वर्षांचा फणस. या सावलीत दहा मिनिटं शांत बसावे.' अठरा माणसं पत्रक डोळ्यांसमोर धरून उभी. एकदा पत्रकाकडं बघतात, एकदा समोर. समोर ऊन. नुसतं पांढरंफटक ऊन, आणि मधोमध एक बुंधा, कापलेला, जात्याच्या दुप्पट रुंद, अजून चिकानं ओला. नागेंद्र सर म्हणाले, 'फणस कुठाय?' कुणीतरी म्हणालं, 'झाड नंतर लागणार असेल.' शंभर वर्षांचं झाड, नंतर लागणार. आणि खरंच सांगतो, ती माणसं शिस्तीनं त्या उन्हात दहा मिनिटं शांत बसली.

मी रवळूला विचारलं. तो म्हणाला, 'रुक्माबाईनं पाडलं. सर्वेत गेलं न्हवं? खालच्या गावात रस्त्याला झाडं गेली तवा मशीन आलतं. मुळासकट उपटून दोरखंडानं वडून नेली, जशी मेलेली जनावरं. म्हातारी म्हनाली, माझं झाड मी तसं जाऊ देनार न्हाय. आदल्या दिशी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवली, पाखरांना कळावं म्हनून. सकाळी हळद-कुंकू लावलं, पाया पडली, आन मग भाऊबंदांनी पाडलं. दोन दिस जेवली न्हाय.'

आता एक गोष्ट. मघाशी मी तुम्हाला सांगितलं की बाण दगडावर काढले. तीस बाण दगडावर काढले. तेवीस नंबरला दगड नव्हता. तेवीस नंबर मी... झाडावर काढला. खोडावर. बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, सगळ्यांना दिसावा म्हणून. आणि खोडावर पांढरा आकडा म्हणजे काय, हे आपल्याकडं दुसरीतल्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. मी बी.ई. आहे.

तेवढ्यात रुक्माबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, डोक्यावर पाटी, पाटीत केळीच्या पानावर गरे. त्याच झाडाचे. पाडलं तेव्हा फणस लागलेलेच होते, ते घरात पेंढ्यात पिकवले होते. 'खावा,' म्हणाल्या, 'शेवटचं हाईत. सायब असलात म्हनून काय झालं, उन्हाचं आलाय.' सगळ्यांनी खाल्ले. वा, वा करत खाल्ले. मीही खाल्ले. अकरा खाल्ले. तुम्हाला सांगतो, गोड होते. हेच वाईट. निदान पांचट तरी असायचे की नाही?

आणि मी त्या दिवशी तिथनं काही न बोलता निघून आलो. अठरा माणसांसमोर बोलायचं कसं, असं मी मनाला सांगितलं. गाडीत सगळे टाळ्या वाजवून माझे आभार मानत होते. सन्मती पुढच्या सीटवर बसली होती. नागेंद्र सरांना सोडायला हिंडलग्याला वळलो. हिंडलग्याला म्हणाली, 'पुढच्या रविवारी जाऊन सांगायचं. सगळ्यांसमोर.' आणि नेमकं तिथल्या जेलच्या भिंतीजवळ म्हणाली. मुद्दाम नसेल.

गेलो. रविवारी सकाळी रवळनाथाच्या देवळासमोर माणसं जमवली आणि उभा राहिलो. छातीवर हात ठेवून म्हणालो, 'मंडळी, रस्ता-बिस्ता काही नाही. सर्वे नाही. ते माझं काम. मी फक्त बाण काढले होते.'

मग भावकू आप्पा, गावातले सगळ्यात जुने, हळूच म्हणाले, 'खालच्या गावात आलता त्यो बी ह्येच म्हनालता.'

'काय म्हणालता?'

'ह्येच. रस्ता-बिस्ता काय न्हाय, फक्त खुना करतोय.'

'पण मी खरं सांगतोय.'

'त्यो बी म्हनालता, खरं सांगतोय.'

मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. त्यावर पांढऱ्या कागदावर इंग्रजी आकडा. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मी चिडलो. मी म्हणालो, ठीक आहे, पुसूनच टाकतो. घेतला तारेचा ब्रश आणि एकोणीस नंबर खरवडायला लागलो, तर पाठीमागनं रवळू किंचाळला, 'रस्ता बदलला! वरच्या गावाला गेला! कुणाकडं जेवलास रं?' म्हणजे रस्ता येणार म्हणून दोन महिने रडत होते, आता जाणार म्हणून रडायला लागले. गोठा पडकाच राहणार म्हणून रवळू माझ्यामागं निम्म्या शिवारात आला.

शेवटी मी रुक्माबाईंच्या दारात गेलो. मागं सन्मती. सोप्यात फणसाचे ओंडके रचून ठेवलेले, पिवळेधमक. त्यांच्याकडं न बघता मी सगळं सांगितलं. रस्ता नाही. मशीन येणार नव्हतं. आकडा मी काढला. तुमचं झाड... उगीच गेलं. आणि घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला.

बाईंनी माझ्या शर्टाकडं बघितलं. म्हणाल्या, 'तुझं खरं हाय.'

मी म्हटलं, 'तुम्हाला पटलं?'

'सरकारी मानसाला येवडा घाम येत न्हाय.'

आणि मग म्हणाल्या, 'वळखलं मी तुला. तूच न्हवं का पाणी पिऊन गेलतास?'

हां. ही दुसरी गोष्ट. हीसुद्धा मी मघाशी सांगितली नाही. एप्रिलमध्ये मी त्या खोडावर आकडा काढत होतो तेव्हा रुक्माबाई तांब्या घेऊन बांधावर आल्या होत्या. मला पाणी दिलं. विचारलं, 'काय लिवतोस बाळा?' आणि मी, चौदा किलोमीटरच्या वाटेवर माणसांना हळू चालायला शिकवणारा मी, काय म्हणालो माहिताय? 'आजी, नंतर सांगतो, घाई आहे, रंग वाळतोय.' दोन वाक्यांचं काम होतं. तांब्या रिकामा करून, हातात देऊन, चोवीस नंबरकडं पळालो. शंभर वर्षांचं झाड दोन वाक्यांनी वाचलं असतं. आता तुम्हीच सांगा, मी फक्त बाण काढले होते का? नाही ना? मलाही तेच वाटतं.

मी म्हणालो, 'आजी, मला शिव्या द्या.'

त्या म्हणाल्या, 'तुला कशा देऊ? माझ्या नातवाच्या वयाचा तू. आन पंधरा दिस मी ज्या शिव्या साठवून ठेवल्यात त्या सायबासाठी हाईत. त्यो मोजायला येनार, खुर्चीत बसनार, मग मी त्येला सोडनार न्हाय, असं मी बुंध्यावर हात ठेवून ठरीवलतं. आता त्यो येनारच न्हाय म्हंतोस. मग त्या मी घालू कुणाला? घशात हाईत माझ्या.'

आणि तुम्हाला सांगतो, त्या पहिल्यांदाच रडल्या. झाडासाठी नाही, तो साहेब येणार नाही म्हणून.

मी म्हटलं, 'मग मी होतो साहेब.'

त्यांनी डोळे पुसले. जरा विचार केला. आत गेल्या, प्लास्टिकची खुर्ची आणली, नेऊन बुंध्याजवळ उन्हात ठेवली. 'बस. टोपी घाल. कागद धर हातात.' मी बसलो. टोपी घातली. कागद म्हणून पत्रकच होतं खिशात. बाई चार पावलं मागं गेल्या, पदर खोचला, आणि सुरू झाल्या.

काय सांगू. पहिल्या मिनिटात माझी नोकरी गेली, दुसऱ्यात माझं घर, तिसऱ्यात माझ्या खालच्या पिढ्या, ज्या अजून झाल्यासुद्धा नाहीत. मला बरं वाटत होतं. खरंच. प्रत्येक शिवीबरोबर पाठीवरचा एकेक दगड उतरत होता. मी म्हटलं, बोला आजी, आणखी बोला, होऊ दे मोकळं. आणि अगदी रंगात आल्या, आवाज चढला, आता झाडाचं येणार, आता आजेसासऱ्यानं लावलेल्या त्या झाडाचं येणार... आणि बाई कानडीत शिरल्या.

माहेर बैलहोंगलाकडचं. राग आला की माहेरची भाषा येते. शिवाय साहेब कानडी बोलणाराच असणार म्हणून त्यांनी मुख्य भाग कानडीतच तयार ठेवला होता. आणि माझं कानडी म्हणजे बसला हात दाखवणे आणि भाजीचा भाव. पाऊण तास बोलल्या. एका ठिकाणी त्या बुंध्याला हात लावून इतक्या हळू काहीतरी म्हणाल्या, की तेच सगळ्यात मोठं असणार हे मला कळलं, पण काय ते कळलं नाही. मी सन्मतीकडं बघितलं. तिला कानडी घरचं. ती तोंडावर ओढणी धरून उभी होती, डोळे भरलेले.

संपल्यावर रुक्माबाईंनी मला खुर्चीतनं उठवलं, चहा पाजला, आणि म्हणाल्या, 'आता हलकं वाटतंय गं बाई.' म्हणजे त्या सुटल्या.

परत येताना मी सन्मतीला म्हटलं, 'ते हळू काय म्हणाल्या ते तरी सांग.' ती म्हणाली, 'मी सांगणार नाही.' मी म्हटलं, 'निदान थोडक्यात?' ती म्हणाली, 'थोडक्यात ऐकायचीच सवय आहे तुला. तुझं तू शीक.'

तर... सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. वर्गात मी एकटाच मोठा, बाकी सगळी तिसरी-चौथीतली पोरं. मास्तर चांगले आहेत, कालच विचारत होते, 'साईराज, तुला कानडी कशासाठी शिकायचंय?' मी म्हटलं, 'सर, एका बाईंनी मला काहीतरी सांगितलंय, ते समजून घ्यायचंय.' मास्तर खूश झाले, म्हणाले, 'मग मन लावून केलंस तर दोन वर्षांत होईल.'